एक खुर्ची, अनेक धनी

एकाच भूमिकेत निरनिराळे नट पाहावेत आणि जेवणे उरकल्यावर त्यांची तुलना करीत मध्यरात्र करावी, ही मराठी माणसाची फार जुनी आवड आहे. गणपतराव बेलवलकर खरे कोणाचे, श्रीराम लागूंचे की दत्ता भटांचे, या प्रश्नावर आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी जेवढा घसा कोरडा केला, तेवढा वेतन आयोगाच्या शिफारशींवरही केला नसेल. परप्रांती बदली झाली की पाट-वरवंट्याबरोबर ही आवडही सामानात येते. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही ती जरा आडवाटेला नेली. दिल्लीच्या थंडीत, सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांत, तीन सहकाऱ्यांच्या संगतीत आम्ही जेम्स बाँडचे काही चित्रपट क्रमाने पाहिले. आणि तेही बाँडसाठी नव्हे, तर त्याचा जुना वैरी अर्न्स्ट स्टाव्ह्रो ब्लोफेल्ड याच्यासाठी. ही एकच व्यक्ती १९६३ पासून २०२१ पर्यंत निरनिराळ्या नटांनी उभी केली आहे. एवढे मोठे अंतर एकाच खलपुरुषाने चालून जावे, आणि दर मुक्कामी त्याचा चेहरा, उंची, स्वर व केसदेखील बदलावेत, असा प्रकार आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये याच्या नेमके उलटे घडते. तेथे एक प्रभाकर पणशीकर पाच रूपे घेऊन येतात आणि प्रेक्षकाचा सारा आनंद त्या पाचांमागचा एक लखोबा ओळखण्यात असतो. (या नाटकाचा पहिला प्रयोग १९६२ साली याच दिल्लीत झाला, ही गोष्ट आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी नवागताला पहिल्या चहाबरोबर सांगतो.) ब्लोफेल्डच्या बाबतीत रूप एक असायला हवे होते आणि नट अनेक निघाले. तेव्हा त्या अनेकांमागे एक कोणी आहे की नाही, असल्यास तो कोण, हाच आमच्यापुढचा प्रश्न.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी मूळ लेखकाची साक्ष काढणे न्याय्य होईल. इयन फ्लेमिंग यांच्या 'थंडरबॉल' या १९६१ सालच्या कादंबरीत ब्लोफेल्ड प्रथम अवतरतो. बाप पोलिश, आई ग्रीक, जन्म २८ मे १९०८. फ्लेमिंग यांचा स्वतःचा जन्मदिवसही नेमका हाच. शिक्षण वॉर्सा येथे. आणि आता आमच्या वाचकांनी जरा सावरून बसावे. पंचविसाव्या वर्षी हा गृहस्थ पोलंड सरकारच्या डाक व तार मंत्रालयात एका साध्या जागेवर चिकटला! जगाला वेठीस धरणारा हा महाखल मुळात आपल्याच बिरादरीतला, केंद्र सरकारचा कनिष्ठ कर्मचारी. हातांखालून जाणाऱ्या तारा वाचून त्याने आधी शेअरबाजारात पैसा केला. पुढे युद्धाची चाहूल लागताच गुप्त तारांच्या नकला करून त्या जर्मनांना विकल्या. आणि पोलंड पडण्यापूर्वी स्वतःच्या अस्तित्वाची सारी कागदपत्रे नष्ट करून तो निघून गेला. ज्याने चार वर्षे का होईना दप्तर सांभाळले आहे, त्याला या शेवटच्या कृतीतील थरार समजावून सांगावा लागणार नाही. माणूस आहे आणि त्याची फाइल नाही!

फ्लेमिंग यांनी स्वतःच या माणसाचे रूप स्थिर ठेवलेले नाही. पहिल्या कादंबरीत तो अवाढव्य देहाचा आहे, १९६३ च्या दुसरीत सडपातळ व रुपेरी केसांचा, तर १९६४ च्या तिसरीत त्याला मिशा फुटल्या आहेत आणि दाताला सोने लागले आहे. ज्या पांढऱ्या मांजरीवाचून आज ब्लोफेल्डची कल्पनाच करवत नाही, ती तर कादंबऱ्यांत कोठेच नाही. ती सर्वस्वी चित्रपटवाल्यांची देणगी. तेव्हा अमका नट मूळ बरहुकूम नाही, असा आक्षेप येथे कोणालाच घेता येत नाही.

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या १९६३ च्या चित्रपटात ब्लोफेल्ड पहिल्याने दिसतो. खरे म्हणजे दिसत नाही. आपल्याला दिसतात ते दोन हात, अंगठी आणि त्या हातांखालची मांजर. हात अँटनी डॉसन या नटाचे, आवाज एरिक पोलमन या व्हिएन्नात जन्मलेल्या नटाचा, आणि श्रेयनामावलीत या भूमिकेपुढे नटाच्या नावाच्या जागी केवळ एक प्रश्नचिन्ह. याच जोडीने १९६५ च्या 'थंडरबॉल'मध्येही काम केले. इतक्या थोड्या सामग्रीवर एवढे भय कसे निर्माण होते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पोलमन यांच्या आवाजात राग नाही. काचपेटीत लढणाऱ्या माशांकडे बोट दाखवून हा आवाज हाताखालच्यांना सांगतो की तिसरा मासा शहाणा. तो दोघांची झुंज संपेपर्यंत थांबतो आणि मग थकलेल्या विजेत्यावर तुटून पडतो. सांगण्याची तऱ्हा अशी की एखादा वरिष्ठ अधिकारी नव्या परिपत्रकातले कलम समजावून देत आहे. पुढे अपयशाबद्दल एकाला देहदंड होतो. खोलीत दोघे अपराधी उभे आहेत, दोघांपैकी कोण हे ठाऊक नाही, आणि विषारी पात्याचा बूट ज्याला लागायचा त्याला लागतो. त्यानंतर या आवाजाची तक्रार एवढीच, की विषाला लागलेली बारा सेकंदे फार झाली.

'थंडरबॉल'मधील बैठक तर आमच्या मते या साऱ्या चित्रमालिकेतील एक अत्यंत अस्सल दृश्य आहे. पॅरिसमध्ये स्पेक्टर संघटनेचे सभासद लांबलचक खोलीत ओळीने बसले आहेत. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. प्रत्येक जण आपापल्या विभागाचा जमाखर्च वाचतो; इंग्लंडातील आगगाडीच्या दरोड्यास दिलेल्या सल्ल्याची फीसुद्धा त्यात रीतसर जमा आहे. अध्यक्ष उंचावर, झडपांच्या आड. एका विभागाची रक्कम अपेक्षेहून कमी भरते, अध्यक्ष दोन प्रश्न विचारतात, अपहार करणारा खुर्चीतल्या खुर्चीत विजेच्या धक्क्याने मरतो, खुर्ची जमिनीखाली जाते, रिकामी वर येते आणि पुढचा विषय चर्चेला घेतला जातो. या दृश्यात विजेपेक्षा आम्हांला तो 'पुढचा विषय'च अधिक भेडसावून गेला.

आमच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी आम्हांस एक बदलीचा हुकूम आला होता. घरी आई आजारी होती. हुकूम कोणी काढला हे पाहावे तर खाली 'करिता' असे लिहून एक वाचता न येणारी सही. ज्यांच्याकरिता ती केली होती ते दुसऱ्या शहरी, आणि त्यांना विचारावे तर आदेश त्यांच्याही वरून आलेला. महिनाभर आम्ही त्या हुकुमाचा चेहरा शोधीत होतो. कोणी दुष्ट नव्हते. सर्वांनी चहा पाजला. तो हुकूम पुढे आपोआप रद्द झाला, म्हणून या आठवणीस गाऱ्हाण्याचे स्वरूप देणे योग्य नव्हे. पण डॉसन यांचे ते हात मांजरीच्या पाठीवरून फिरताना पाहिले आणि ते पत्र पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. कोकणातल्या दशावतारात संकासुराचे तोंड काळ्या कापडाआड असते, हे येथे आठवावे. लहानपणी आम्ही त्याला भीत असू ते त्याच्या तलवारीमुळे नव्हे.

१९६७ साली 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये पडदा उठला. आधी या भूमिकेसाठी यान वेरिख हा चेक नट घेतला होता. पण तो फारच प्रेमळ आजोबांसारखा दिसू लागल्याने त्याला बदलून डोनाल्ड प्लेझन्स यांना आणले गेले. तुळतुळीत डोके, एका डोळ्यावरून गेलेला व्रण, बंद गळ्याचा कोट. हे रूप पुढे इतके रूढ झाले की १९८० च्या 'शान'मधील शाकालसाठी कुलभूषण खरबंदा यांचेही डोके उतरवावे लागले. प्लेझन्स हे स्टेशनमास्तरचे चिरंजीव, आणि नट होण्यापूर्वी स्वतः रेल्वेत कारकून होते. महायुद्धात त्यांचे विमान पाडले गेले आणि त्यांनी जर्मन कैद भोगली. त्यांचा ब्लोफेल्ड पाहताना हे ठाऊक असलेले बरे. बुटका, किंचित जपून चालणारा, बारीक आवाजाचा हा माणूस वर्षानुवर्षे अभिलेखकक्षात बसून आलेला वाटतो. अपमान मोजीत बसलेला, आणि आता एकाएकी साऱ्या इमारतीच्या किल्ल्या हाती आलेला. बाँडवर पिस्तूल रोखून तो ऐनवेळी आपल्याच कामचुकार सहकाऱ्याला गोळी घालतो, तेव्हा त्या चेहऱ्यावर क्रौर्यापेक्षा एक प्रकारची नीटनेटकी कर्तव्यपूर्ती दिसते. फ्लेमिंग यांच्या तार खात्यातल्या तरुणाच्या सर्वांत जवळ हाच पोहोचतो, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

तथापि हा ब्लोफेल्ड आम्हांला पुरा पडला नाही. दोष नटाचा नव्हे. केन अ‍ॅडम यांनी ज्वालामुखीच्या पोटात जो अड्डा उभारला, त्यावर त्या काळी सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले. एवढ्या प्रचंड देखाव्यात तो लहानसा माणूस हरवून जातो. शेवटच्या धुमश्चक्रीत स्फोटांनी भेदरलेली मांजर त्याच्या हातांतून सुटू पाहते हे तर पडद्यावर स्पष्ट दिसते. बिचारीला अभिनयाचे शिक्षण नव्हते. चार वर्षे जो माणूस केवळ एका स्वराने खोली भरून टाकीत होता, त्याला चेहरा मिळताच सैन्य, अग्निबाण आणि मांसाहारी माशांचे टाके लागावेत, यातच काही तरी उणे झाल्याची कबुली आहे.

यानंतरचा टेली सवालस यांचा ब्लोफेल्ड (१९६९) रसिकांत फारसा मानला जात नाही. तो अमेरिकन गुंडासारखा वाटतो, त्याचे खांदे फार रुंद आहेत, सूत्रधाराने स्वतः बर्फावरून घसरत पाठलाग करू नये, असे आक्षेप आहेत. शिवाय १९६७ साली समोरासमोर भेटलेल्या बाँडला तो ओळखत नाही. याचे कारण कादंबऱ्यांचा क्रम चित्रपटांत उलटा झाला हे होय. नटाकडे त्याचा दोष येत नाही. आमचे मत या बाबतीत प्रचलित मताच्या विरुद्ध आहे आणि आमच्या तिघा सहकाऱ्यांपैकी दोघांना ते अद्याप पटलेले नाही.

'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये ब्लोफेल्डला काय हवे आहे ते पाहा. स्वित्झर्लंडच्या एका शिखरावर त्याने पिके आणि जनावरे वांझ करून टाकणारा विषाणू सिद्ध केला आहे. सारी मानवजात त्याच्या मुठीत आहे. आणि त्या मोबदल्यात त्याची मागणी दोनच गोष्टींची : झाल्या गुन्ह्यांची माफी, आणि आपण अमुक एका जुन्या घराण्याचे काउंट आहोत याला मान्यता! यासाठी त्याने लंडनच्या वंशावळी तपासणाऱ्या संस्थेकडे रीतसर अर्ज केला आहे, आणि त्या घराण्यातील पुरुषांना कानाची पाळी नसते म्हणून स्वतःच्या पाळ्या कापून घेतल्या आहेत. बाँड तेथे जातो तो या संस्थेचा तपासनीस बनून. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कोणाच्या तरी कुळाच्या दाखल्यासाठी आलेल्या अर्जदाराला कधी समोर बसवून घेतले असेल, त्यांनी हे दृश्य अवश्य पाहावे. पृथ्वी उजाड करू शकणारा माणूस तपासनीसापुढे अर्जदाराच्या सौजन्याने वागतो. पुरावे अपुरे पडतील की काय ही काळजी त्याच्या डोळ्यांत आहे. सवालस यांनी ही अधीरता फार सुरेख दाखवली आहे. सिगारेट धरण्याची त्यांची ती ऐटबाज लकब, भारदस्त बोलणे, आणि त्याखाली सरदारांच्या पंक्तीत बसायला मिळावे म्हणून आसुसलेला एक उपरा. ते स्वतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या ग्रीक कुटुंबातले. ब्लोफेल्डच्या ग्रीक आईकडून जणू हे नाते आपोआप जुळले.

हा एकच ब्लोफेल्ड आहे ज्याच्या दुष्टपणाची किंमत प्रेक्षकाला भरावी लागते. बाकीच्यांनी जगाला धाक घातला आणि जग वाचले. सवालस यांचा ब्लोफेल्ड मात्र चित्रपटाच्या अखेरीस मानेला पट्टा बांधून मोटार चालवीत येतो, सोबतची इर्मा बुंट गोळ्या झाडते, आणि नुकतीच लग्न झालेली ट्रेसी गाडीत बसल्या जागी मरते. मोटार थांबतसुद्धा नाही. डायना रिग यांनी त्या भूमिकेत जीव ओतलेला असल्यामुळे तो घाव खोल जातो हे खरे; पण पट्ट्यात ताठ राहिलेली ती मान आम्हांला विसरता येत नाही. तेथे ना ज्वालामुखी, ना सैन्य. एक दुखावलेला अर्जदार आणि एक रस्ता.

चार्ल्स ग्रे यांच्याविषयी थोडक्यात. १९६७ च्या चित्रपटात याच ग्रे यांनी बाँडच्या बाजूच्या एका इंग्रज गृहस्थाचे काम केले होते. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये ते शत्रुपक्षाचे प्रमुख होऊन आले. खात्यांतर्गत बदली म्हणावी ती अशी. त्यांना केस आहेत, हाती सिगारेटची लांब नळी आहे, आणि बोलणे एखाद्या क्लबातील विनोदी सभासदाचे. शस्त्रक्रिया करून आपले तोतये तयार करणारा, यंत्राच्या साहाय्याने दुसऱ्याचा आवाज चोरणारा आणि शेवटी बाईचा वेष घेऊन पळणारा हा ब्लोफेल्ड हसवतो पुष्कळ. पण ज्याचा आवाज हेच सर्वस्व होते, त्याच्यावर परक्या आवाजाची उसनवारी करण्याची पाळी यावी, हे पाहून आम्ही खिन्न झालो.

पुढे केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी चाललेल्या हक्कांच्या वादामुळे मूळ निर्मात्यांना ब्लोफेल्डचे नावही उच्चारता येईना. १९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'च्या आरंभी चाकांच्या खुर्चीतला एक टकल्या मनुष्य मांजर घेऊन येतो, प्राणभयाने बाँडला खाद्यपदार्थांचे दुकान काढून देण्याचे आमिष दाखवतो आणि गॅसच्या जुन्या कारखान्याच्या धुराड्यात टाकला जातो. येथेही शरीर एका नटाचे व आवाज दुसऱ्याचा होता. तीच १९६३ ची युक्ती, पण आता थट्टेच्या कामी लावलेली. मॅक्लोरी यांच्याकडील हक्कांवर १९८३ साली 'नेव्हर से नेव्हर अगेन' निघाला आणि त्यात मॅक्स फॉन सिडो हे थोर नट ब्लोफेल्ड झाले. 'द सेव्हन्थ सील'मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळलेल्या या माणसाला येथे चार प्रवेश आणि एक पांढरी मांजर, एवढेच देण्यात आले. त्यांचे ते पिकल्या दाढीचे, मृदू, सुसंस्कृत रूप पाहिल्यावर हा ब्लोफेल्ड पूर्ण वाढू दिला असता तर पोलमन यांच्या स्वराला योग्य असा चेहरा लाभला असता, असे वाटून गेले.

वाद २०१३ साली मिटला आणि २०१५ च्या 'स्पेक्टर'मध्ये ख्रिस्तोफ वाल्ट्झ आले. तेही व्हिएन्नाचेच, अर्ध्या शतकापूर्वीचा आवाज जणू आपल्या गावचा चेहरा घेऊन परतला. आमची अपेक्षा त्यामुळे फारच वाढली होती, आणि पहिला प्रवेश ती पुरवतो. रोममध्ये बैठक भरली आहे, अहवाल वाचले जात आहेत, मधल्या खुर्चीत एक जण येऊन बसतो. तोंडावर अंधार. वाचणारा थांबतो, सारी सभा थांबते, आणि तो शेजाऱ्याच्या कानात काही कुजबुजतो. आमच्या खोलीतही त्या वेळी कोणी हलले नाही.

मग दिवा लागतो आणि सारे बिघडते. हा ब्लोफेल्ड म्हणे बाँडचा मानलेला भाऊ. आईबाप गमावलेल्या बाँडला याच्या वडिलांनी काही काळ सांभाळले, त्या मायेच्या मत्सराने याने बापाला मारले आणि तेव्हापासून बाँडची प्रत्येक जखम यानेच केली. वाल्ट्झ हे 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मध्ये अदबीने काळजाचा थरकाप उडवून गेलेले नट. त्यांच्याकडून येथे भाऊबंदकी वदवून घेतली गेली. भाऊबंदकीचे आम्हां मराठी लोकांना वावडे नाही. आमचा निम्मा इतिहास आणि पाऊण न्यायालये तिच्यावर चालतात. परंतु सबंध जगावर पाळत ठेवणारी यंत्रणा लहानपणीच्या रुसव्यातून निघाली असे एकदा सांगितले, की तो रुसवा मोठा होत नाही, यंत्रणाच लहान होते. जो कोणाशीही वैर नसताना माणसे मारवीत होता त्याचे भय निराळे होते. आम्हांला वाल्ट्झ यांचा राग येत नाही. त्यांना खुर्ची मिळाली, पण खुर्चीचे अधिकार आधीच काढून घेतलेले होते.

'नो टाइम टु डाय'मध्ये (२०२१) तो लंडनच्या तुरुंगात आहे आणि तरीही क्यूबात आपल्या वाढदिवसाची मेजवानी चालवतो. तेथे तो स्वतः नाही. त्याचा एक कृत्रिम डोळा आणि त्याचा आवाज तेवढा आहे. या प्रवेशात जुना दरारा थोडा वेळ पुन्हा जाणवला, हे नमूद केले पाहिजे. नंतर तुरुंगात बाँड त्याचा गळा धरतो, आणि बाँडच्या हातांना चिकटलेल्या सूक्ष्म यंत्रांनी, ज्यांची बाँडला स्वतःलाही खबर नाही, ब्लोफेल्ड मरतो.

आमच्या सहकाऱ्यांत अखेरपर्यंत एकमत झाले नाही. एकाने प्लेझन्स यांना मत दिले, एकाने (तो मूळचा सांगलीचा, आणि नाटकवेडा) ग्रे यांना, निव्वळ गंमत म्हणून. तिसरा सवालस यांच्या बाजूस झुकत होता, पण त्याला घरून फोन आला आणि मत नोंदवायचे राहिले. आम्ही स्वतः अभिनयासाठी सवालस आणि ब्लोफेल्डसाठी ते प्रश्नचिन्ह, असे दोन हातांनी मत दिले; ते नियमबाह्य ठरवण्यात आले. ज्यांना सुटीच्या दिवसांत दोनच चित्रपट पाहण्याइतकी सवड असेल त्यांनी १९६५ चा आणि १९६९ चा पाहावा, आणि दुसरा पाहताना शेवटची पाच मिनिटे कोणाला बोलू देऊ नये.